शोध लंडनचा, कारखाने ऱ्हाईनकाठचे : कृत्रिम रंगांच्या धंद्याचे एक प्रकरण

१८५६ साली बाजारात खपेल असा पहिला कृत्रिम कापडरंग लंडनमध्ये सापडला. पेटंट ब्रिटिश होते. कच्चा माल म्हणजे कोळशाचे डांबर, आणि ते ब्रिटनमधल्या गॅस कारखान्यांच्या आवारात कोणी विचारत नाही अशा अवस्थेत पडून होते. रंगाचे जगातले सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, लँकेशायरच्या कापडगिरण्या, तेही घरचेच. धंदा उभा राहायला आणखी काय लागते? तरीही १९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा जगातल्या कृत्रिम रंगांपैकी सुमारे ८५ टक्के माल जर्मन कंपन्यांचा होता, आणि ब्रिटिश सैन्याच्या गणवेशाला खाकी रंग आणायचा कुठून, हा प्रश्न लंडनमध्ये सरकारी पातळीवर चर्चेला आला.

या प्रकरणाचे नेहमीचे उत्तर एका वाक्यात सांगितले जाते: जर्मन लोक विज्ञान शिकले, इंग्रज गाफील राहिले. ते खोटे नाही, पण फार सोयीचे आहे. नुसत्या शिक्षणाने निकाल लागायचा असता तर पॅरिसलाही संधी होती. माझ्या मते खरी मेख अशी, की ज्ञान कोणाकडे आधी आले यापेक्षा ते टिकून राहील आणि वाढत जाईल अशी जागा कोणी तयार केली, यावर हा उद्योग फिरला. आणि ती जागा कोणी योजना आखून तयार केलेली नव्हती.

पर्किनची सुरुवात

विल्यम हेन्री पर्किन तेव्हा अठरा वर्षांचा होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत ऑगस्ट विल्हेल्म फॉन होफमान या जर्मन प्राध्यापकाच्या हाताखाली शिकत होता. ईस्टरच्या सुट्टीत घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत तो क्विनीन हे हिवतापाचे औषध बनवायच्या खटपटीत होता. त्याने अ‍ॅनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली आणि हाती काळा गाळ आला. बहुतेकांनी तो फेकला असता. पर्किनने तो अल्कोहोलमध्ये विरघळवून पाहिला, तेव्हा जांभळा रंग उतरला. हाच पुढे मॉव्ह म्हणून गाजला.

यात एक गंमत आहे. त्याचे अ‍ॅनिलिन शुद्ध असते तर हा रंग मिळालाच नसता. डांबरातून आलेल्या त्या अ‍ॅनिलिनमध्ये टोल्युइडिनची भेसळ होती आणि मॉव्हच्या रेणूला तिची गरज होती. पर्किनला हे तेव्हा ठाऊक नव्हते, कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे रंग हाती आला होता, पण तो का आला हे ज्ञान हाती नव्हते. पहिल्या दहा-बारा वर्षांतला सगळा रंगधंदा असाच चालला: अमुक द्रव्यात तमुक घाला, उकळा, काय निघते ते पाहा. अशा काळात नशीब, धिटाई आणि चांगला वकील एवढ्यावर माणूस बाजी मारतो.

पर्किनपाशी धिटाई भरपूर होती. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पुलर या रंगारी कंपनीला त्याने नमुना पाठवला, अनुकूल उत्तर येताच ऑगस्टमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, कॉलेज सोडले, आणि वडिलांचे पैसे व भावाची साथ घेऊन १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे कालव्याकाठी कारखाना उभारला. होफमानना हे अजिबात पसंत नव्हते. पण धंद्याच्या दृष्टीने खरी कामगिरी त्याच्यापुढची आहे. मॉव्ह रेशमावर सहज चढत असे, सुतावर बसत नसे. सुताशिवाय मोठा बाजार नाही. तेव्हा पर्किनने टॅनिन वापरून सुतावर रंग पक्का धरण्याची रीत बसवली आणि स्वतः रंगाऱ्यांच्या व छपाईवाल्यांच्या कारखान्यांत जाऊन ती दाखवली. रंग विकायचा तर तो वापरायचा कसा हेही विकावे लागते, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. पुढे जर्मन कंपन्यांनी याच गोष्टीचे एक स्वतंत्र खाते करून टाकले.

माणसांची ये-जा

१८५० आणि ६० च्या दशकांत कृत्रिम रंगांचे ज्ञान पुस्तकांपेक्षा माणसांच्या डोक्यांत जास्त होते, त्यामुळे माणसे कुठून कुठे गेली हे पाहिले की उद्योग कुठे सरकला ते दिसते.

हाइनरिख कारो बर्लिनमध्ये शिकलेला, कापडछपाईत मुरलेला. १८५९ मध्ये तो मँचेस्टरला एका रंगकंपनीत नोकरीला आला. तिथे तो सात वर्षे राहिला, ब्रिटिश गिऱ्हाइकाला काय हवे ते जवळून पाहिले, आणि १८६६ मध्ये परतला. १८६८ मध्ये तो ऱ्हाईनकाठच्या लुडविग्सहाफेनमधल्या बीएएसएफ कंपनीत दाखल झाला आणि पुढची दोन दशके तिथल्या संशोधनाचा कणा राहिला. होफमान स्वतः १८६५ मध्ये बर्लिनला गेले. पेटर ग्रीसची गोष्ट तर विलक्षण. डायझो संयुगे त्याने १८५८ मध्ये शोधली, आणि पुढे अ‍ॅझो रंगांचा जो सगळ्यात मोठा वर्ग उभा राहिला तो याच रसायनावर. हा ग्रीस होफमानांकडे लंडनला आला आणि १८६२ पासून बर्टन-ऑन-ट्रेंटच्या एका बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून राहिला. म्हणजे रंगउद्योगाचा पाया ज्याच्या डोक्यात, तो माणूस इंग्लंडमध्ये होता, आणि बिअरचे पाणी तपासत होता!

ब्रिटनने हे सारे जर्मन रसायनतज्ज्ञ घालवले असे म्हणण्यापेक्षा, त्यांना धरून ठेवील असे काही ब्रिटनमध्ये नव्हते असे म्हणणे रास्त ठरेल. जर्मनीत एकामागून एक विद्यापीठे प्रयोगशाळा बांधत होती. तिकडे परतणाऱ्याला प्राध्यापकी, विद्यार्थी आणि शेजारी कारखाना, तिन्ही मिळत. परत न जाता मँचेस्टरलाच राहणाऱ्याला एक मालक मिळे.

पेटंटचा खेळ

फ्रान्सची गोष्ट थोडक्यात. तिथे १८५९ मध्ये व्हेर्गँ या रसायनतज्ज्ञाचा फुक्सिन हा झळझळीत लाल रंग बाजारात आला. फ्रेंच न्यायालयांनी पेटंटचा अर्थ असा लावला की बनवायची रीत कोणतीही असो, तो पदार्थच पेटंटधारकाचा. झाले! दुसरी, स्वस्त, चांगली रीत शोधणाऱ्याला फ्रान्समध्ये काही कामच उरले नाही. असे लोक सीमा ओलांडून बाझेलला गेले, कारण स्वित्झर्लंडमध्ये पेटंट कायदाच नव्हता. बाझेलचा रसायनउद्योग अशा रीतीने रुजला. फ्रान्समधली मक्तेदार कंपनी, ला फुक्सिन, १८६८ पर्यंत कोसळली. संरक्षण मिळालेली कंपनी बुडाली आणि हाकललेली टिकली, हे पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात बसत नाही.

जर्मनीत १८७७ पर्यंत सगळ्या देशाला लागू असा पेटंट कायदा नव्हता. एखादा रंग लंडन-पॅरिसला निघाला की जर्मन राज्यांत डझनभर ठिकाणी त्याची नक्कल सुरू होई. नवे कारखाने उगवत, भाव पडत, निम्मे बुडत. नैतिकदृष्ट्या ही उचलेगिरीच. पण उद्योगाच्या दृष्टीने तो कठोर आखाडा होता. ज्याला तोच रंग स्वस्तात, जास्त उताऱ्याने, एकसारख्या प्रतीचा काढता आला तोच उरला. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बायर आणि होएक्स्ट आणि १८६५ ची बीएएसएफ या आखाड्यातून वर आल्या.

मग १८७७ मध्ये कायदा आला, तो नेमक्या वेळी. कंपन्या नकलेत तयार झाल्या होत्या, आता त्यांच्यापाशी राखण्यासारखे काही होते. कायद्याने रसायनांच्या बाबतीत पदार्थाला नव्हे, प्रक्रियेला पेटंट दिले. याचा अर्थ, त्याच रंगाकडे जाणारी दुसरी वाट शोधणे हे कायदेशीर आणि फायद्याचे काम झाले. १८८९ मध्ये काँगो रेड या रंगाच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडले: प्रक्रिया ओळखीची असली, पण निघालेल्या रंगाचा तांत्रिक परिणाम नवा आणि उपयोगी असला, तर पेटंट टिकते. म्हणजे प्रतिभेचा झटका नको, चिकाटीने एकामागून एक संयुगे करून पाहणेही संरक्षणाला पात्र. त्या निकालानंतर डझनावारी पदवीधर रसायनतज्ज्ञांना पगार देऊन रोज नवी संयुगे करायला बसवणे हा व्यवहार हिशेबात बसू लागला. बायरने १८९१ मध्ये खास वैज्ञानिक प्रयोगशाळेची इमारत बांधली. १९०० च्या सुमारास बीएएसएफमध्ये जवळपास दीडशे रसायनतज्ज्ञ नोकरीला होते. कंपनीतला एक विभाग म्हणून संशोधन, ही आज सवयीची झालेली गोष्ट इथे आकाराला आली.

हाच कायदा १८५७ मध्ये आला असता तर? मला वाटते जर्मनीचेही फ्रान्ससारखे काहीतरी झाले असते. आधी मोकळीक, मग संरक्षण, या क्रमाचे श्रेय कोणा मुत्सद्द्याला देता येत नाही.

एका दिवसाचा फरक

मंजिष्ठेच्या मुळांतला लाल रंग म्हणजे अलिझारीन. १८६८ मध्ये बर्लिनच्या ग्रेबे आणि लिबरमान यांनी त्याचे मूळ डांबरातल्या अँथ्रासीनमध्ये आहे हे दाखवले. इथे धंद्याचे रूपच बदलले, कारण आता अंधारात चाचपडणे नव्हते. रेणूची रचना कागदावर मांडून तिथवर पोहोचायचे होते. त्यांची पहिली रीत ब्रोमीनवर चालणारी आणि महागडी होती. सल्फ्यूरिक अम्लाची स्वस्त वाट कारोला बीएएसएफसाठी आणि पर्किनला ग्रीनफर्डमध्ये, दोघांना स्वतंत्रपणे सापडली. लंडनच्या पेटंट कचेरीत बीएएसएफच्या बाजूचा अर्ज २५ जून १८६९ रोजी पडला आणि पर्किनचा २६ जूनला.

या एका दिवसावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्याने ठरले फारसे काही नाही. दोघांनी तडजोड केली: ब्रिटनचा बाजार पर्किनचा, युरोप आणि अमेरिका बीएएसएफची. पर्किनचा कारखाना जोरात चालला. १८७० मध्ये ४० टन, १८७१ मध्ये २२० टन, १८७३ मध्ये ४३५ टन. आणि १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने कारखाना विकून टाकला आणि उरलेले आयुष्य शुद्ध संशोधनात घालवले.

त्याने विकले ते समजण्यासारखे आहे. पुढच्या पायरीवर जायचे तर कारखाना कितीतरी मोठा करायला हवा होता, आणि तयार रसायनतज्ज्ञांची फौज हवी होती. ती ब्रिटनमध्ये मिळत नव्हती. ग्रीनफर्डमध्ये ज्ञान म्हणजे पर्किन बंधू. लुडविग्सहाफेनमध्ये कारो उद्या गेला असता तरी विभाग उरला असता. १८७० च्या दशकाच्या मध्यावर हा फरक ताळेबंदात दिसत नव्हता, पण पडला तो तिथेच.

निळीची सतरा वर्षे

आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनतज्ज्ञांनी (बायर कंपनीशी या नावाचा संबंध नाही) निळीचे संश्लेषण साधले आणि १८८० मध्ये बीएएसएफ व होएक्स्ट यांनी त्याचे हक्क घेतले. बाजारात कृत्रिम नीळ आली १८९७ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत बीएएसएफने या एका रंगावर सुमारे १.८ कोटी मार्क खर्च केले.

अडचण रसायनाची कमी आणि साखळीची जास्त होती. १८९० मध्ये झुरिकच्या कार्ल हॉयमान यांनी नवी वाट दाखवली. तिच्यासाठी अँथ्रानिलिक अम्ल हवे, ते थॅलिक अ‍ॅनहायड्राइडपासून मिळते, आणि ते नॅप्थॅलीनपासून, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळीपासून. नॅप्थॅलीन स्वस्त, मुबलक. पण त्याचे ऑक्सिडीकरण काही केल्या धड होईना. अशात प्रयोग चालू असताना एक थर्मामीटर फुटला, पारा मिश्रणात सांडला आणि क्रिया धडाक्याने पुढे गेली. पारा उत्प्रेरक ठरला. हा अपघात सगळे रंगवून सांगतात. त्यामागची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्या पायरीला तीव्र सल्फ्यूरिक अम्ल प्रचंड प्रमाणात लागे, ते स्वस्तात काढण्यासाठी रुडॉल्फ क्नीट्श यांनी बीएएसएफमध्येच संपर्क पद्धत परिपक्व केली. थर्मामीटर कुठेही फुटू शकतो. फुटल्यावर काय बदलले हे ओळखणारा माणूस आणि अम्लाचा प्रश्न सोडवणारा शेजारचा विभाग, हे मात्र सगळीकडे नसतात.

होएक्स्टने १९०१ मध्ये सोडामाइड वापरून हॉयमान यांचीच पहिली, टाकून दिलेली रीत फायद्यात आणली आणि बीएएसएफला घाम फोडला. प्रक्रियेला पेटंट, पदार्थाला नाही, याचा हा थेट परिणाम. १९०४ मध्ये दोघांनी आपसांत करार केला.

या गोष्टीची दुसरी बाजू बिहारमध्ये आहे. नैसर्गिक निळीची वडी विकत घेताना व्यापारी ती नखाने घासून तांब्यासारखी झाक येते का ते पाही. प्रत कारखान्यागणिक आणि हंगामागणिक वेगळी. कृत्रिम नीळ ठरावीक तीव्रतेच्या लगद्याच्या रूपात येई, दर वेळी तीच. रंगाऱ्याला आणखी काय हवे? नीळमळेवाल्यांनी रसायनतज्ज्ञ नेमले, जास्त उताऱ्याचे जावा बियाणे आणले, पण तोवर पन्नास वर्षे कोणी त्या वनस्पतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेला नव्हता. जगातले नैसर्गिक निळीचे उत्पादन १८९७ च्या सुमारे १९,००० टनांवरून १९१४ पर्यंत हजार टनांवर आले. तोटा मळेवाल्यांनी खाली ढकलला. चंपारणमध्ये तीनकठिया पद्धतीने बिघ्यातल्या २० पैकी ३ कट्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. आता त्या सक्तीतून सुटका हवी तर वाढीव सारा भरा, म्हणजे शरहबेशी, किंवा एकरकमी तावान द्या, असे कुळांना सांगण्यात आले. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले तेव्हा त्यांच्यासमोर आलेल्या तक्रारींत हा हिशेब होता. उद्योगाच्या उत्क्रांतीवर लिहिताना 'जुने तंत्र बाजूला पडले' असे एक वाक्य सहज लिहिले जाते. ते कोणाच्या अंगावर पडले हेही प्रकरणात यायला हवे.

ब्रिटनने काहीच केले नाही का?

केले, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. मँचेस्टरचे आयव्हन लेव्हिन्स्टाइन, जन्माने जर्मन, वर्षानुवर्षे ओरडत होते की जर्मन कंपन्या ब्रिटिश पेटंट घेतात आणि इथे एक किलोही बनवत नाहीत, नुसता बाजार अडवून ठेवतात. १९०७ च्या कायद्याने पेटंट देशात वापरण्याची अट आली, तेव्हा होएक्स्टने एल्समीर पोर्टला निळीचा कारखाना काढला. पण कापडगिरण्यांना यात रस नव्हता. त्यांना जर्मन रंग स्वस्त पडत, सोबत रंगछटांची नमुनापुस्तके येत, अडचण आली तर जर्मन कंपनीचा तंत्रज्ञ हौदापाशी उभा राहून मार्ग काढून देई. पर्किनने एकट्याने केलेले काम आता परदेशी कंपन्यांची पगारी माणसे करत होती. गिरणीमालकाच्या हिशेबात रंग हा कापडाच्या किमतीतला बारीकसा भाग, त्यासाठी स्वदेशी उद्योगाची चिंता तो का करील? ब्रिटिश भांडवलाला दुसरीकडे फायदा दिसत होता. त्या वेळी त्यांचे गणित चुकलेले नव्हते, हे मला या प्रकरणातले सगळ्यात अवघड सत्य वाटते.

चुकले ते एवढेच, की रंगउद्योग फक्त रंगांचा नव्हता. रंगाच्या टाकाऊ द्रव्यापासून बायरने १८८८ मध्ये फेनासिटिन हे औषध काढले, १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आणले. बीएएसएफने उत्प्रेरकांच्या आणि मोठ्या यंत्रसामग्रीच्या अनुभवावर १९१३ मध्ये ओपाऊ येथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया काढायला सुरुवात केली. त्याच अमोनियावर पुढे खत झाले आणि युद्धात स्फोटकेही. रंगाचा हिशेब करणाऱ्या गिरणीमालकाच्या वहीत या नोंदींना रकानाच नव्हता.

युद्धानंतरची परीक्षा

नाकेबंदीमुळे रंगांचे भाव इतके चढले की जुलै १९१६ मध्ये 'डॉइचलँड' ही व्यापारी पाणबुडी जर्मनीहून अमेरिकेत बाल्टिमोरला पोहोचली तेव्हा तिच्या पोटात रंग होते. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिने जर्मन पेटंटे जप्त केली आणि १९१९ मध्ये त्यांपैकी चार हजारांहून अधिक पेटंटे केमिकल फाउंडेशन या संस्थेला सुमारे अडीच लाख डॉलरला विकली. कोणत्याही अमेरिकी कंपनीला परवाना घेऊन ती वापरता येणार होती. कागदोपत्री अर्ध्या शतकाचे ज्ञान एका व्यवहारात हाती आले.

कारखान्यात मात्र घोडे पेंड खाऊ लागले. जर्मन पेटंटे लिहिणाऱ्यांनी कायद्याला पुरेल तेवढे सांगितले होते. तापमान किती वेळात चढवायचे, कुठल्या टप्प्यावर अशुद्धी काढायची, भांड्याला अस्तर कशाचे, हे त्यांत नव्हते. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने आधीच ब्रिटनच्या लेव्हिन्स्टाइन कंपनीकडून तंत्र घेतले होते, तरी वर्षानुवर्षे पैसा ओतूनही नफा दिसेना. शेवटी कंपनीने जर्मन कारखान्यांत काम केलेले रसायनतज्ज्ञ भारी पगार देऊन फोडले. त्यावरून जर्मनीत एवढा गहजब झाला की १९२१ मध्ये निघालेल्यांपैकी काहींची कागदपत्रांनी भरलेली पेटी वाटेत अडवण्यात आली. पेटंटे विकत घेतल्यावर ड्यूपाँटला माणसेही आणावी लागली.